अर्थतज्ज्ञाला विद्यापीठ, सरकार आणि बँक अशा तिन्ही ठिकाणी काम करता येतं का? कोणत्या क्रमाने?

येतं. स्टॅनली फिशर यांचंच बघा: एमआयटीत प्राध्यापक, १९८८ ते १९९० जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ, १९९४ ते २००१ आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत, मग सिटीग्रुप, २००५ ते २०१३ बँक ऑफ इस्रायलचे गव्हर्नर आणि २०१४ ते २०१७ फेडचे, म्हणजे अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे, उपाध्यक्ष.

माझ्या मते सुरुवात पीएचडी आणि संशोधनापासूनच करावी. विद्यापीठातून बाहेर पडणं सोपं, परतणं फार अवघड. एक पेपर चांगल्या जर्नलमध्ये छापून यायला दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि बँकेसाठी लिहिलेले अहवाल प्राध्यापकपदाच्या निवडीत जवळपास मोजलेच जात नाहीत. म्हणून राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजा मागा. अनेक विद्यापीठं साधारण २ वर्षं देतात. जाताना एक-दोन पेपर जर्नलकडे पाठवून ठेवा.

लिहिण्याची सवयही बदलावी लागते. चाळीस पानांचा पेपर मंत्र्यासाठी दोन पानांत बसवायचा, शिफारस पहिल्याच परिच्छेदात. बँकेत महागाईचा आकडा आला की तासाभरात टिपण लागतं.

सरकारातून थेट बँकेत जाताना मात्र नियुक्तीपत्रातली प्रतीक्षा-कालावधीची अट (सरकारी पद सोडल्यावर किती काळ थांबूनच अशी नोकरी धरता येते) आधी वाचा. गोपनीय आकडेवारी सरकारकडेच राहते, तिच्यावरचा अर्धवट पेपरही.