वादळ गेलं, मग म्हावरं कुठं अडलं?

प्रश्न: ताई, आम्ही नवी मुंबईत सीवूड्सला राहतो, मासळी दिवाळे गावातून आणतो. वादळ येऊन गेलं की दोन दिवसांत कडक ऊन पडतं पण बाजार आठ-दहा दिवस अर्धा रिकामा आणि पापलेटचा भाव ऐकवत नाही. खरंच मासे नसतात की निमित्त करून भाव वाढवतात? माझा भाचा अमेरिकेत लुईझियानात असतो, तो म्हणतो तिकडे तर वादळानंतर कालवांचं (ऑयस्टरचं) सगळं सुरळीत व्हायला वर्षं जातात. – एक वाचक

उत्तर: निमित्त नाही हो, खरंच नसतात. वादळाचा इशारा आला की बोटी अर्ध्या फेरीतून परत बोलावतात, म्हणजे डिझेल गेलं, बर्फ गेला आणि हाती काही नाही. मग समुद्र शांत झाला तरी नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, परत पैसे उभे करणार, फाटलेली जाळी शिवणार, खलाशी गावी गेले असतील तर त्यांना बोलावणार, त्यानंतर बोट जाणार आणि ती चार-सहा दिवसांनी धक्क्याला लागणार. तुम्हाला ऊन दिसतं ना, तेव्हा बोट अजून निघालेलीच नसते! बोंबलाचं तर आणखी वेगळं, ते डोल जाळ्यात, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात मिळतात, त्याला उधाणाची (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीची) ओढ लागते, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते तेव्हा, मासळी कमी, त्यामुळे ते उधाण वादळात गेलं तर पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडाभर थांबायचं.

आणि वादळ कधी येतं त्यावर खूप आहे. २०१९ ला ऐन सीझनमध्ये क्यार आणि महा ही वादळं पाठोपाठ आली. तौक्ते १७ मे २०२१ ला आपल्या किनाऱ्याजवळून गेलं आणि १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी, म्हणजे हातात राहिले चौदा दिवस, त्यात ज्याची बोट फुटली त्याचा धंदा थेट ऑगस्टवर गेला. पावसाळ्यासाठी वलांडीवर (वाळवायच्या बांबूच्या मांडवावर) घातलेले बोंबील भिजले ते वेगळंच, त्या सुक्यावर कोळणीचे बंदीचे दोन महिने निघतात, मला त्याचं सगळ्यात वाईट वाटतं कारण ते नुकसान कुणी मोजत नाही.

भाचा बरोबर सांगतोय. लुईझियानात २००५ ला कतरिना आणि २०२१ ला आयडा, दोन्ही २९ ऑगस्टलाच धडकली. तिकडे धक्के, बर्फाचे कारखाने, वीज सगळं गेलं की कोळंबी समुद्रात असली तरी उतरवायची कुठे? आणि कालवं तर एका जागी चिकटलेली, गाळाखाली गेली की मेली, नवीन वाढून विकण्याजोगी व्हायला दीड-दोन वर्षं जातात.

आता तुमच्या पिशवीचं बोलू. अशा आठवड्यात पापलेट-सुरमईचा हट्ट नको, खाडीची बोय, कोळंबी, चिंबोऱ्या काय आलंय ते घ्या. कल्ले उघडून बघा, लाल हवेत, बर्फात आठवडाभर पडलेला मासा भुरकट दिसतो. तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं मात्र मोठ्या पावसानंतर काही दिवस नकोच, ती पाणी गाळून खातात आणि तेव्हा खाडीत गटाराचं पाणी उतरलेलं असतं, लुईझियानातही पाणी तपासल्याशिवाय कालवं काढू देत नाहीत. आणि नेहमीच्या कोळणीकडूनच घ्या, ती पहाटे भाऊच्या धक्क्यावर चढ्या लिलावात उधारीवर पाटी उचलून आलेली असते, त्या आठवड्यात तिच्याशी वाट्यामागे वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका.