पोकरची सॉफ्टवेअरं: आधी वही, मग सॉल्व्हर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला सांगलीतल्या विश्रामबागेत, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, मित्रांबरोबर ऑनलाइन पोकर चालतं ते नुसत्या चिप्सवर. आता ट्रॅकर (खेळलेल्या हातांची नोंद ठेवणारं), एचयूडी (ती आकडेवारी खेळताना टेबलावर दाखवणारं), सॉल्व्हर (कुठे काय खेळावं ते गणिताने काढणारं) यांपैकी काय घेतलं तर खेळ सुधारेल, आणि पैशाच्या टेबलावर कधी बसावं?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. बसू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. रमी-पोकर कौशल्याचे खेळ आहेत हा कोर्टात वर्षानुवर्षं चाललेला युक्तिवाद तिथे लागू होत नाही. शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही, असं सांगून कुणी व्हीपीएन लावायला आणि परदेशी साइटवर पैसे टाकायला सांगेल. ऐकू नका. तिथे पैसे अडकले तर दाद मागायची कुठे? घरच्यांनी फीसाठी दिलेले पैसे असे गेलेले मी पाहिलेत, म्हणून हे कळकळीने लिहितोय. चिप्सवर खेळा. अभ्यास म्हणून हा खेळ पैशाशिवायही पुरून उरतो.

आता सॉफ्टवेअर. सुरुवात फुकटच्या इक्विटी कॅल्क्युलेटरपासून करा. इक्विलॅब पुरेसं आहे. आपले पत्ते, समोरच्याचे संभाव्य पत्ते आणि बोर्ड (मधे उघडलेले सामाईक पत्ते) घातला की जिंकण्याची टक्केवारी मिळते. पण ते उघडण्याआधी तुमचा अंदाज वहीत लिहा. ही एक सवय लावून घ्या, बाकीचं पुढे आपोआप येतं. आकडा आधी पाहिला की माणसाला वाटतं, हे आपल्याला माहीतच होतं.

एक हात, म्हणजे एक डाव, घेऊ. तुमच्याकडे इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची पंजी. फ्लॉपवर (मधे उघडणारे पहिले तीन सामाईक पत्ते; त्यानंतर टर्न आणि रिव्हर असे आणखी दोन येतात) इस्पिकची राणी, इस्पिकची अठ्ठी, चौकटची तिर्री. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) १०० चिप्स आणि समोरच्याने ५० लावल्या. तुम्हाला ५० घालायच्यात, त्यानंतर पॉट २०० चा होणार, म्हणजे निदान २५ टक्के वेळा जिंकायला हवं. न दिसलेल्या ४७ पत्त्यांत ९ इस्पिक आहेत. पुढच्याच पत्त्यावर फ्लश (पाचही पत्ते इस्पिकचे) लागायची शक्यता १९ टक्के, दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर साधारण ३५. इथवर कुणीही येतो.

आता समोरच्याला बदामचे राजा-राणी द्या. उरलेले तीन एक्केही तुमच्या कामाला येतात आणि आकडा पंचेचाळीसच्या आसपास चढतो. त्याच्याकडे अठ्ठ्यांची जोडी असेल, म्हणजे तीन अठ्ठ्या झाल्या असतील, तर एक्का येऊन उपयोग नाही, आणि इस्पिकची तिर्री आली तर तुमचा फ्लश होतो पण त्याचं फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी, फ्लशहून वरचं) होतं. आकडा पंचविसाच्या आसपास घसरतो. पत्ते तेच, बोर्ड तोच. म्हणजे खरा प्रश्न समोरचा काय काय घेऊन इथवर येऊ शकतो हा आहे, आणि त्याचं उत्तर कॅल्क्युलेटर देत नाही. ती यादी, म्हणजे रेंज, तुम्हालाच बनवावी लागते. त्यासाठी मोजणी पक्की हवी: कुठलीही जोडी ६ प्रकारांनी येते, एक्का-राजा १६ प्रकारांनी, त्यांतले एकाच रंगाचे (दोन्ही इस्पिक, दोन्ही बदाम असे) फक्त ४. फ्लॉपवर एक अठ्ठी दिसली की अठ्ठ्यांची जोडी ६ वरून ३ प्रकारांवर येते. हे हातावर बसलं की निम्मी भीती जाते.

ट्रॅकर आणि एचयूडीबद्दल फार लिहीत नाही. पोकरट्रॅकर किंवा होल्डम मॅनेजर तुमच्या हातांची नोंद ठेवतात आणि कोण किती टक्के हात खेळतो, किती वेळा रेझ करतो (बेट वाढवतो) ते दाखवतात. या दोन आकड्यांतलं अंतर बघा: कुणी ४५ टक्के हात खेळतोय आणि ८ टक्केच रेझ करतोय, तर तो नुसता कॉल करणारा (समोरच्याएवढ्याच चिप्स घालणारा) आहे, त्याच्यावर ब्लफ मारू नका. पण तीस-चाळीस हातांवर कुणाबद्दल मत बनवू नका. रिव्हरवरच्या (शेवटच्या पत्त्यावरच्या) वागण्याचे आकडे विश्वासाचे व्हायला हजारो हात लागतात. मित्रांच्या टेबलासाठी यावर पैसे घालायची गरज नाही.

सॉल्व्हरबद्दल मात्र नीट समजून घ्या. आपलं सांगली बुद्धिबळाचं गाव, बुद्धिबळाचा प्रसार करणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांचं. इथे बहुतेकांना इंजिनची (चाल सुचवणाऱ्या प्रोग्रॅमची) सवय असते आणि पोकरमध्येही तसंच एक 'बरोबर' उत्तर मिळेल असं वाटतं. बुद्धिबळात पट दोघांना दिसतो. इथे पत्ते झाकलेले, त्यामुळे सॉल्व्हर सांगतो: हा हात ६० टक्के वेळा बेट (चिप्स लावा), ४० टक्के वेळा चेक (न लावता पुढे जा). नवीन माणूस इथे गोंधळतो आणि टक्केवारी पाठ करत बसतो. तसं करू नका. एकाच हाताला दोन चाली दिल्या असतील तर लांबच्या हिशेबात दोन्हींची किंमत जवळपास सारखीच असते. जिथे तुमची चाल आणि सॉल्व्हरची चाल यांच्या किमतीत मोठा फरक दिसेल तिथे थांबा, आणि कारण स्वतःच्या शब्दांत लिहा.

दुसरं, सॉल्व्हर दोन्ही बाजू अचूक खेळतायत असं धरतो. तुम्ही दिलेली रेंज चुकीची असेल तर उत्तरही चुकीचं, फक्त दशांश चिन्हासकट. तुमचा मित्र रिव्हरवर कधीच पत्ते टाकत नसेल, तर सॉल्व्हरने सुचवलेले ब्लफ त्याच्यापुढे वायाच जाणार. नोड लॉकिंगची सोय असलेल्या सॉल्व्हरमध्ये समोरच्याचं वागणं ठरवून देता येतं. ते करून पाहा, मग सॉल्व्हरचं उत्तर कसं बदलतं ते कळेल.

हे सगळं खेळून झाल्यावर. हात चालू असताना सॉल्व्हर उघडणं ही सरळ फसवणूक आहे, चिप्सवर असली तरी. मित्रांच्या टेबलावर तर मुळीच नको.

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे म्हणालात. पायोसॉल्व्हर विकत घेऊ नका. डेस्कटॉप पोस्टफ्लॉप हा सॉल्व्हर फुकट आणि मुक्त स्रोत आहे, तो टाका. बेटचे दोनच आकार ठेवा, पॉटचा तिसरा हिस्सा आणि तीन चतुर्थांश, नाहीतर मेमरी पुरणार नाही. फ्लॉपपासून सोडवणं जड गेलं तर टर्नपासून सुरू करा. पहिले काही आठवडे फक्त रिव्हरचे हात घाला. तिथे पुढे पत्ता येणार नसतो, म्हणून उत्तर हातानेही तपासता येतं. पॉटएवढी बेट लावली तर दोन खऱ्या (चांगल्या) हातांमागे एक ब्लफ हवा, हे आधी कागदावर काढा, मग सॉल्व्हरशी ताडून बघा. जुळलं नाही तर तो हात इथे टाका, रेंजसकट.