माजी सरपंचांनी लिहायला बसताना

कारकिर्दीच्या आठवणी तूर्त बाजूला ठेवा. लोकांना ग्रामसभेत आणायचं असेल तर आधी ग्रामसभेवरच लिहा, कारण तिच्या खाचाखोचा तुम्हाला आतून ठाऊक आहेत आणि वाचकाला नाहीत.

एका लेखात एकच काम घ्या, तीनचारशे शब्दांत. उदाहरणार्थ गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी तो. म्हणजे 600 मतदारांच्या गावात 90 माणसं हवीत, 2,000 च्या गावात 100. ती भरली नाही की सभा तहकूब होते आणि पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते. मूठभर लोक गावाचा ठराव करून मोकळे होतात. हे गावाला कळायलाच हवं!

मग वाचकाला करता येईल असं सांगा: विषय लेखी द्या, पोच घ्या, ठराव झाल्यावर इतिवृत्तात तो नेमका कसा उतरलाय ते वाचा. नक्कल मिळाली नाही तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज. उत्तराची मुदत 30 दिवस.

जुन्या विरोधकांची नावं मात्र टाळा. एक टोमणा दिसला की निम्मं गाव लेख प्रचार समजून बाजूला ठेवतं. छापण्याआधी मजकूर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) तपासून घ्या, नियम बदलत असतात.