मुलांना घरीच, ख्रिस्ती विश्वासातून, पक्की मैत्री कशी शिकवायची?

तुम्ही लिहिलंय की मुलगा आठ वर्षांचा, वर्गात ख्रिस्ती तो एकटाच, बायबलची वचनं सगळी तोंडपाठ पण क्रिकेटची भारी टीम मिळाली की जुन्या मित्राला ओळखसुद्धा दाखवत नाही, मग घरी शिकवायचं काय. आमच्याकडं बेळगावात पण हेच की ओ. लंडन मिशन, म्हणजे इंग्रज मिशनऱ्यांची संस्था, इथं 1820 ला आलं, दोनशे वर्षं होऊन गेली तरी वर्गात आपली पोरं एक नाहीतर दोन, त्यामुळं दोस्ती होणार ती मंडळीबाहेरच्या, म्हणजे चर्चबाहेरच्या पोरांशीच, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे.

बायबलमधलं नीतिसूत्रे 17:17 पाठ करून घेऊन थांबू नका एवढं मात्र सांगते. मित्र सगळ्या वेळी प्रेम करतो हे पोरगं शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या रविवारच्या शाळेत) धडाधडा म्हणून दाखवतं, बक्षीस पण घेऊन येतं, पण त्यात त्याच्या पदरचं काय जातं? ज्या मैत्रीत माणसाचं काहीतरी जातं ती गोष्ट सांगायची. म्हणून मी योनाथान घेते. आपण दाविदानं धिप्पाड गल्याथाला मारलं ते सांगतो आणि तिथंच पुस्तक मिटतो, खरी मजा त्याच्या पुढं आहे, 1 शमुवेल 18 ते 20. योनाथान शौल राजाचा मुलगा, बापानंतर गादी त्याचीच, आणि हा मेंढरं राखणाऱ्या दाविदाला आपला झगा, तलवार, धनुष्य, कमरबंद सगळं काढून देतो. पुढं बाप दाविदाच्या जिवावर उठतो तेव्हा हा भर पंगतीत मित्राची बाजू घेतो आणि बाप भाला फेकतो तो ह्याच्यावरच. मग शेतात जाऊन बाण मारून इशारा देतो, बाण पलीकडं पडला म्हणून ओरडलं की दाविदानं पळायचं. आमच्याकडं हे नाटक अंगणात होतं, झाडूच्या काड्यांचे बाण, एकजण दगडाआड दावीद, आणि एकजण बाण गोळा करणारा पोऱ्या ज्याला काहीच कळत नसतं (तो व्हायला कुणी तयार नसतं, त्यावरून भांडण ठरलेलं). खेळून झालं की एवढंच विचारायचं, योनाथानाचं काय गेलं रे? आणि गप्प बसायचं, उत्तर आपण द्यायचं नाही.

एखादं हुशार पोरगं विचारणारच, मग बापाचं ऐकायचं नाही का. तर योनाथानानं मित्राची बाजू बापाच्या तोंडावर मांडली, आणि शेवटी गिलबोवाच्या डोंगरावर मेला तो बापाच्याच बाजूनं लढत. हे पण सांगा, नाहीतर अर्धीच गोष्ट डोक्यात राहते.

आणि मफीबोशेथ तर सोडूच नका, 2 शमुवेल 9. योनाथान मेलाय, दावीद राजा झालाय, योनाथानाच्या घराण्याला सांभाळीन हा जुना शब्द पाळ म्हणणारं कोणी उरलेलं नाही. तरी हा स्वतःहून शोधतो, शौलाच्या घरातलं कोणी आहे का म्हणून, आणि योनाथानाचा दोन्ही पायांनी अधू मुलगा, हाच मफीबोशेथ, सापडतो तर त्याला आजोबाची जमीन परत देतो आणि रोज आपल्या पंगतीला बसवतो. तुमच्या मुलासाठी माझ्या मते हीच गोष्ट, कारण जुन्या मित्राला विसरलं तरी विचारणारं कोणी नाही हेच त्याचं चाललंय ना.

मित्रासाठी खोटं बोलणं म्हणजे मैत्री नव्हे हे एकदा स्पष्ट सांगून टाकायचं, नाथान संदेष्टा दाविद राजाला त्याची चूक तोंडावर बोलला ती गोष्ट त्याला पुरते.

आमच्या भागात आणखी एक भानगड आहे. 1 नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिवस, आणि आमच्या पोरीची जिवलग मैत्रीण कन्नड घरातली. मोठ्यांचं बोलणं पोरांच्या कानावर पडतंच. त्या दिवसांत आम्ही मुद्दाम रूथ वाचतो. तू जाशील तिथं मी येईन असं सासूला म्हणणारी रूथ मवाबी, परक्या मुलखातली, आणि तीच पुढं दाविदाची पणजी. पोरीला जास्त समजवायला लागत नाही, ती वाचन संपलं की मैत्रिणीकडं पळते.

रोजचं म्हणाल तर रात्रीच्या प्रार्थनेत मित्रांची नावं घ्यायला लावा, ज्याला टाळतोय त्याचं आधी. रोज देवासमोर नाव घेतलं की सकाळी त्याच पोराकडं पाठ फिरवायला जड जातं, आमच्याकडं तरी जातं. तो मित्र आपल्या धर्मात यावा म्हणून दोस्ती कर असं मात्र सुचवू पण नका, पोरांना तो वास लगेच येतो आणि समोरच्या घराला पण. मित्र आजारी पडला तर वही घेऊन पाठवा, नाताळच्या करंज्या-शंकरपाळ्यांची ताटं वाटायला त्यालाच पाठवा, आणि तुमचं ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्या घरी पण जाऊ दे, पोरं ते बरोबर टिपतात.

घरात अजून लहान भावंडं असतील तर त्यांना योनाथान झेपत नाही, त्यांना मार्क 2 मधले ते चौघं सांगा जे कफर्णहूमात छप्पर उकरून आजारी दोस्ताला बाजेसकट येशूपुढं खाली सोडतात. फक्त छप्पर नंतर कुणी नीट केलं हा प्रश्न येणारच, शास्त्रात ते लिहिलेलं नाही, आम्ही सांगतो त्या चौघांनीच केलं असणार, नाहीतर घरमालकानं सोडलं असतं काय.