कोळसा पेटत नाही, हात मात्र काळे होतात

ग्रिलचा कोळसा पेटवण्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: ग्रिलमध्ये कोळसा पसरून त्याखाली कागद पेटवते. कागद जळून जातो, कोळसा तसाच राहतो. कोळसा खराब आहे का?

कोळसा बहुधा चांगलाच असेल, त्याला हवा मिळत नाही. पसरलेल्या कोळशात एका तुकड्याची धग दुसऱ्याला पोचत नाही आणि खालून वाराही ओढला जात नाही. कोळसा उभा रचला की तळातली गरम हवा वर चढते, तिच्या जागी खालून ताजी हवा येते आणि आग आपोआप वर सरकते. त्यासाठी सगळ्यांत सोयीचे साधन म्हणजे चिमणी स्टार्टर. पत्र्याचे एक नळकांडे, बाजूला मूठ, तळाशी भोके आणि तळापासून थोड्या उंचीवर जाळी, एवढाच त्याचा संसार.

आधी ग्रिलच्या तळातली जुनी राख काढा आणि खालची हवेची झडप पूर्ण उघडा. राखेने बुजलेली झडप हे कोळसा न पेटण्याचे फार नेहमीचे कारण आहे, आणि ते वरून दिसत नाही. मग वर्तमानपत्राची दोन मोठी पाने सैल चुरगळून चिमणीच्या जाळीखाली सरकवा. इथेच बहुतेकांचे चुकते. भरपूर जळावे म्हणून चार-पाच पाने ठासून कोंबली की हवेची वाट बंद होते आणि कागद नुसता धुमसतो. पानांवर चमचाभर खाद्यतेल शिंपडले तर कागद जास्त वेळ जळतो. मासिकाचा गुळगुळीत कागद मात्र नको, तो धूर फार करतो. कागदाऐवजी लाकडाचा भुसा आणि मेण यांची पेटवण्याची वडी मिळत असेल तर एक-दोन पुरतात, आणि कागदाचे काळे पापुद्रे हवेत उडत नाहीत.

जाळीवर कोळसा भरा. मोठ्या चिमणीत साधारण 80 ते 100 ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या भुकटीचे दाबून केलेले ठोकळे, मावतात. लहान ग्रिलला अर्धी चिमणी पुरते. भरलेली चिमणी ग्रिलच्या कोळशाच्या जाळीवरच ठेवा आणि खालच्या भोकांतून दोन-तीन ठिकाणी कागद पेटवा. फरशीवर किंवा सिमेंटच्या जमिनीवर ती ठेवू नका, धगीने फरशी तडकते आणि सिमेंटचे टवके उडू शकतात.

पाच मिनिटांनीही वर धूर आला नाही, तर कागद विझला असे समजा. चिमणी हलवून पाहू नका. मुठीला धरून उचला, खाली नवा कागद ठेवा, पुन्हा पेटवा. दुसऱ्यांदाही तेच झाले तर कोळसा ओलसर असण्याची शक्यता मोठी. कोळसा हवेतला दमटपणा शोषतो, म्हणून पिशवी फोडल्यावर उरलेला माल घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

प्रश्न: पेटलेला कोळसा ओतायची वेळ नेमकी कशी ओळखायची? घड्याळ लावून चालेल का?

घड्याळ अंदाजापुरते ठीक. साध्या लाकडी कोळशाला 10 ते 15 मिनिटे, ब्रिकेटला 20 ते 25 मिनिटे लागतात. वारा आणि दमटपणा यांनी त्यात फरक पडतो, त्यामुळे खरी खूण डोळ्यांनीच पाहावी.

पहिली काही मिनिटे चिमणीच्या तोंडातून दाट पांढुरका धूर येतो. हा कोळशातला अजून न जळलेला वायू आणि दमटपणा. या धुरावर काही भाजले तर त्याला कडवट वास लागतो. मग धूर विरळ होतो, चिमणीच्या तोंडावरची हवा थरथरताना दिसते आणि वरच्या तुकड्यांच्या फटींतून ज्वाला डोकावू लागतात. भर उन्हात या ज्वाला जवळजवळ दिसत नाहीत, म्हणून वर वाकून पाहू नका. एका बाजूने, हातभर लांबून पाहा. सगळ्यांत वरच्या तुकड्यांच्या कडा राखाडी झाल्या की निखारे फुलले. वरचा थर पूर्ण पांढरा व्हायची वाट पाहिलीत तर खालचा कोळसा निम्मा संपलेला असतो.

ओतताना दोन्ही हातांत कोपरापर्यंतचे जाड चामड्याचे हातमोजे हवेत. सैल बाह्या आणि नायलॉनचे कपडे नकोत. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, चिमणी जाळीच्या अगदी जवळ न्या आणि तोंड स्वतःपासून पलीकडे करून हळू कलंडवा. उंचावरून ओतले की ठिणग्या उडतात. रिकामी चिमणीही बराच वेळ तापलेली असते. ती कुठे ठेवायची ते पेटवण्याआधीच ठरवा: कोरडी माती, वाळू किंवा विटांचा थर, मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या वाटेबाहेर.

प्रश्न: थोडे रॉकेल शिंपडले तर काम लवकर होते. त्यात एवढे काय वाईट आहे?

रॉकेलचा वास निखाऱ्यांत आणि त्यावर भाजलेल्या पदार्थात उतरतो. पेट्रोलचा तर विचारही करू नका. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढताक्षणी भडकते. कोळशासाठी खास मिळणारे पेटवण्याचे द्रवही फक्त थंड कोळशावर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच वापरायचे असते.

सगळ्यांत घातक सवय म्हणजे अर्धवट पेटलेल्या, विझल्यासारख्या दिसणाऱ्या कोळशावर आणखी द्रव ओतणे. राखेखाली निखारा जिवंत असतो. द्रव पडताच त्याची वाफ होते, वाफ पेट घेते आणि ज्वाला धारेवरून हातातल्या बाटलीपर्यंत चढते. चेहरा आणि हात भाजतात ते असे. आग मंदावली असेल तर खालची झडप उघडी आहे ना ते पाहा, निखारे चिमट्याने एकत्र ढीग करून ठेवा आणि दहा मिनिटे थांबा. चिमणी असेल तर या द्रवाची गरजच पडत नाही.

भाजलेच, तर ती जागा लगेच वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटे धरा. बर्फ, टूथपेस्ट, तेल काही लावू नका. फोड मोठे असतील किंवा चेहरा भाजला असेल तर डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: केस वाळवण्याच्या यंत्राने वारा घातला तर?

कोळसा पेटतो, पण राख आणि ठिणग्या अंगावर, कपड्यांवर उडतात. पुठ्ठ्याने, तेही बाजूने आणि हलक्या हाताने, वारा घाला.

प्रश्न: पावसात गॅरेजचे दार उघडे ठेवून ग्रिल लावले तर चालेल का?

नाही. उघड्या दाराने किंवा खिडकीने हा धोका टळत नाही. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. ज्वाला नसलेल्या, छान लाल दिसणाऱ्या निखाऱ्यांतूनही तो निघतच असतो. धूर नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत जिवावर बेतते. तंबूत किंवा खोलीत ऊब यावी म्हणून निखारे आत नेणे याच कारणाने प्राणघातक ठरते. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही लक्षणे दिसली की सगळ्यांना ताबडतोब मोकळ्या हवेत न्या आणि वैद्यकीय मदत मागवा.

ग्रिल उघड्यावर, भिंती, झाडाच्या फांद्या आणि कापडी छतापासून किमान 3 मीटर लांब असावे. शेजारी वाळूची किंवा पाण्याची बादली भरलेली असू द्या.

प्रश्न: हात, जमीन, कपडे काळे न करता कोळसा भरता येतो का?

येतो. कागदाच्या लगद्याचा अंड्यांचा ट्रे घ्या, प्रत्येक खणात एकेक ब्रिकेट ठेवून झाकण बंद करा. हे घरातल्या ओट्यावर निवांत करता येते. वेळ झाली की बंद ट्रे ग्रिलमध्ये ठेवून कडा पेटवायच्या. ट्रे जळतो आणि ब्रिकेट पेटतात. ट्रे फोमचा किंवा प्लास्टिकचा मुळीच नको. एरवी पिशवी चिमणीवर उपडी करण्याऐवजी डब्याने किंवा चिमट्याने कोळसा भरा. पिशवीच्या तळातला चुरा चिमणीत घालू नका, तो फटी बुजवतो.

कपड्यावर काळे लागले तर चोळू नका, पाणीही लगेच लावू नका. भुकटी धाग्यांत मुरते. बाहेर नेऊन झटका, उरलेले चिकटपट्टीने उचला, मग साबणाने धुवा.

प्रश्न: शेवटी पाणी ओतून विझवले तर पटकन आवरता येते ना?

तापलेल्या ग्रिलमध्ये पाणी ओतले की वाफेचा लोट राख घेऊन तोंडावर येतो, आणि ओल्या राखेचा चिखल पत्रा गंजवतो. झाकण लावा, वरखालच्या सगळ्या झडपा बंद करा. हवा तुटली की निखारे विझतात. विझलेले तुकडे पुढच्या वेळी नव्या कोळशात मिसळून वापरता येतात.

राख मात्र वरून गार लागली तरी आतून धगधगत असू शकते. पूर्ण 48 तास जाऊ द्या, मग ती झाकण असलेल्या पत्र्याच्या बादलीत काढा. प्लास्टिकचा डबा किंवा कागदी पिशवी नको. व्हॅक्यूम क्लीनरही नको, लपलेल्या एका निखाऱ्याने त्याची पिशवी आतून पेटते.