अम्हारिक की तिग्रिन्या: आधी एकच

इथियोपियातील अम्हारिक आणि एरिट्रिया व उत्तर इथियोपियात बोलली जाणारी तिग्रिन्या या दोन्ही भाषा एकदम शिकण्याचा आपला उत्साह पाहून आनंद झाला. तरीही आरंभीचे काही महिने एकीलाच द्यावेत, कारण लिपी एक असली तरी क्रियापदांची रूपे डोक्यात मिसळतात आणि बोलताना दोन्हीकडे अडखळायला होते. माझे नेमके तेच झाले होते.

१. दोन्हींची गेइझ लिपी पहिल्या आठवड्यापासून हाताने गिरवावी, रोमन अक्षरांची कुबडी घेऊ नये. आपल्या बाराखडीत प्रत्येक व्यंजनाची बारा, तशी तिथे सात स्वररूपे आहेत.
२. अम्हारिकमध्ये पुरुषाची खुशाली ‘इंदेमिन नेह’ अशी, तर स्त्रीची ‘इंदेमिन नेश’ अशी विचारतात. नवशिके इथे हमखास चुकतात.

श्वास रोखून झटक्याने सोडायचे ‘त’ आणि ‘क’ ऐकूनच जमतील. क्रियापद आपल्यासारखेच वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे मराठी माणसाला वाक्यरचना परकी वाटत नाही. पुढे तिग्रिन्या बोलणाऱ्या एखाद्या एरिट्रियन गृहस्थांचे ‘येकन्येलेय’ म्हणून आभार मानाल, तेव्हा त्यांचा खुललेला चेहरा अवश्य पाहावा.