स्प्लिट एसी रात्री थंड करतो, दुपारी नाही. मेकॅनिक म्हणतो गॅस संपला. भरू का?

नका भरू. निदान आत्ता लगेच तरी नका. तुम्ही लिहिलंय की एसी दोन वर्षांचा, फिल्टर धुतलेत, रात्री खोली मस्त गार होते आणि दुपारी एक ते पाच नुसती हवा फेकतो, आणि मेकॅनिक साडेतीन हजार मागतोय. अहो, दुपारी संपलेला गॅस रात्री परत येतो का? एसीचा गॅस सीलबंद पाइपात फिरतो, वर्षानुवर्षं तोच. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता वरून भरायचा म्हणजे पुढच्या एप्रिलला त्याच माणसाला परत चहा पाजायचा.

एवढं तावातावाने लिहितोय कारण आमच्या घरात याच विषयावरून मी आणि दादा अजून नीट बोलत नाही.

घर नागपूरला. वरच्या मजल्यावर दादाची खोली, पश्चिमेची भिंत, आउटडोअर, म्हणजे एसीचा बाहेरचा डबा, बाल्कनीत. वहिनीला कबुतरांचा वैताग आणि दादाला ते युनिट दिसायला बेकार वाटायचं, म्हणून त्याने फॅब्रिकेटरकडून अॅल्युमिनियमच्या तिरप्या पट्ट्यांची पेटी करून घेतली, पावडर कोटिंग वगैरे करून, वर झाकण आणि झाकणावर कोरफडीच्या कुंड्या. मी तेव्हाच म्हटलं, अरे हे मशीन खोलीतली गरमी बाहेर फेकतं आणि तू त्यालाच कोंडून राहिला. तर म्हणे, तू काय इंजिनियर लागून गेला का. नाही लागून गेलो, पंप-मोटरच्या दुकानात बसतो, पण पंख्याची हवा कुठून येते आणि कुठे जाते एवढं कळतं.

पुढचा मे आला, नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू, बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीस. तुमच्यासारखंच झालं, रात्री ठीक, दुपारी कॉम्प्रेसर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. मेकॅनिक आला, प्रेशर मोजायचं गेज लावलं, आकडा कोणाला दाखवला नाही, "थोडा कमी होता" म्हणून आर-३२, म्हणजे एसीचा गॅस, सोडला आणि पैसे घेऊन गेला. त्यानंतर तर अकरापासूनच ट्रिप व्हायला लागला! होणारच. गॅस जास्त झाला की आउटडोअरमधलं प्रेशर आणखी चढतं, आणि तिथली गरमी आधीच निघत नव्हती.

मग दादा ऑफिसला गेल्यावर मी पेटीत थर्मामीटर ठेवला. अठ्ठावन्न. अगरबत्ती पेटवून पुढच्या पट्ट्यांपाशी धरली तर धूर बाहेर जायचा सोडून पट्ट्यांना आपटून कडेने वळत होता आणि मागच्या कॉइलमध्ये परत शिरत होता. म्हणजे मशीन स्वतःचीच गरम हवा परत परत ओढत होतं. कंपनी दीड टन म्हणते ते बाहेर ३५ डिग्री धरून. आमच्याकडे मे महिन्यात ३५ रात्री दहाला असतं, आणि बाहेर जितकं तापेल तितकी एसीची ताकद कमी होत जाते. त्यात वरून अठ्ठावन्न डिग्रीची पेटी.

पुढची बाजू आणि झाकण मी काढून टाकलं, एमसीबी पाडून कॉइल पाण्याने धुतली. पत्र्यांच्या मध्ये धूळ आणि कबुतराची पिसं मिळून नमदा झाला होता, बोटाने सोलून काढला. त्याच दुपारी ट्रिप व्हायचं थांबलं. गॅस जास्तच होता म्हणून दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं, त्याने सगळा काढला, पंप लावून व्हॅक्यूम केला, म्हणजे पाइपातली हवा ओढून काढली, आणि नेमप्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका काट्यावर मोजून भरला. दादा संध्याकाळी आला आणि काय म्हणाला माहीत आहे? "बघ, शेवटी गॅसच भरावा लागला ना." आता सांगा, अशा माणसाशी काय बोलायचं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक पाहुण्यासमोर हेच वाक्य.

तर तुम्ही आधी बाहेर जा आणि आउटडोअर बघा. मागे फूटभर आणि पुढे तीन-चार फूट मोकळं हवं, समोर भिंत, पेटी, वाळत घातलेल्या चादरी काही नको. दुपारचं ऊन थेट पडत असेल तर वर सावली करा, पण सावलीच, पेटी नाही. कबुतरांसाठी मोठ्या भोकांची जाळी लावा, तीसुद्धा पुढून उघडी ठेवून. ज्याला आउटडोअर दिसायला बेकार वाटतं त्याने एसी घेऊच नये, कूलर लावावा, स्पष्ट बोलतो. कॉइल धुताना प्रेशर वॉशर मारू नका, पत्रे वाकतात. आउटडोअरचा पंखा रेंगाळत फिरत असेल तर बहुतेक त्याचा कॅपॅसिटर, म्हणजे मोटरला जोर देणारा छोटा डबा, गेलाय, दोन-तीनशेचं काम, पण स्वतः हात घालू नका, लाइट बंद असला तरी त्यात करंट साठलेला असतो.

आता खरंच गॅस कमी असतो तेव्हाचं पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा एकाच बाजूने बोलतो. एसी पंधरा-वीस मिनिटं चालला की आउटडोअरला जोडलेले दोन तांब्याचे पाइप बघा. बारीक पाइपावर बर्फ आणि जाड पाइप कोमट, तर संशय खरा. नटांपाशी तेलकट डाग असेल तर गळती तिथेच. गॅस थोडाच कमी असेल तर रात्री चालतो आणि दुपारी हरतो असंही होतं, ते मी वर जरा जास्तच ठासून नाकारलं. पण तेव्हासुद्धा आधी नायट्रोजन भरून गळती शोधायची, मग व्हॅक्यूम, मग काट्यावर वजन. काटा नसलेल्या मेकॅनिकला दारातूनच परत पाठवा. आर-३२ पेट घेऊ शकतो, त्यामुळे घरगुती प्रयोग नकोत.

इन्व्हर्टर एसी असेल तर गोष्ट थोडी वेगळी, तो ट्रिप न होता नुसता हळू होतो, डिस्प्लेवर कोड येतो का ते बघा. आणि व्होल्टेज! ते राहिलंच. दुपारी सगळ्या कॉलनीचे एसी-कूलर चालू असतात. स्टॅबिलायझरवर आकडा बघा, दोनशेच्या बराच खाली दिसला तर मेकॅनिकला नाही, आधी लाइनमनला फोन करा.